चाळीस फूट

माझ्या रजिस्टरात सगळं सोपं असतं.
नाव, ट्रकचा नंबर, आत कधी, बाहेर कधी, सही.
मार्लीन ह्रुस्का. आत : दुपारी चार दहा.
पुढचा रकाना रात्री पावणेदोनलाही कोराच.

आत चेन बंद पडली होती, म्हणून मांस नाही, म्हणून माल नाही.
ती चेन मला ठाऊक आहे.
अकरा वर्षं तिच्यासमोर सुरी धरून उभा होतो,
उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकलेलीच झोपतात.
मग कंपनीनं ही केबिन दिली, हीटर दिला,
आणि गाड्या थांबवायची लाल काठी.

पावणेदोनला डॉकवरून निरोप आला :
माल भरला, नऊ नंबर रिकामा करा, मागं तिघे खोळंबलेत.
झोपायची जागा पलीकडच्या आवारात.
दोन्ही आवारं कंपनीचीच,
मधून काउंटीचा रस्ता जातो.
चाळीस फूट. एकदा पावलांनी मोजलाय मी.

मार्लीन फाटकापाशी थांबली, काच खाली केली.
बर्फाचा भुगा तिच्या कॉफीत पडला.
यंत्र माझ्याकडे वळवलं :
सुट्टी, झोप, चालवणं, काम, अशा चार ओळी
आणि त्यांच्यावरून चढत-उतरत आलेली
तिची पहाटेपासूनची रेघ.
"आठलाच संपले माझे तास," ती म्हणाली.
"कुंपणाच्या आत हा ट्रक मी उजाडेपर्यंत फिरवीन.
यार्ड मूव्ह दाबलं की ते नुसतं काम.
तुझ्या फाटकाबाहेर हेच चाक, हाच गिअर,
चालत्या माणसापेक्षा हळू,
तरी ते चालवणं.
आणि चालवायला माझ्याकडे एक मिनिटही नाही."

मी म्हटलं, या थंडीत कोण बघतंय?
ती हसली नाही.
"माझा बाप दोन वह्या ठेवायचा.
एक पोलिसांसाठी, एक आईसाठी.
तो गेल्यावर आम्ही दोन्ही जुळवून पाहिल्या.
तीन दिवस असे निघाले
की तो कुठेच नव्हता."

वारा आडवा. वर दिव्याचा खांब किरकिरत होता.
मग तिनंच सांगितलं, नियमात एक फट आहे म्हणे :
रस्ता अडवलेला असेल,
कुणी माणूस उभा असेल,
इतरांना जायला मज्जाव असेल,
तर तेवढ्यापुरता रस्ताही आवारच.
"तुला आहे का तो अधिकार?"
मला ठाऊक नव्हतं.
माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय : फाटक.
रस्त्याबद्दल काही नाही.

मी काठी घेतली, मधोमध जाऊन उभा राहिलो.
दोन्ही बाजूंना मैलभर कुणी नव्हतं.
तरी हात वर केला.
आणि तेवढ्यात पूर्वेकडून दोन दिवे आलेच.
जुनी पिकअप, मागं गवताचे गठ्ठे,
स्टिअरिंगवर लोकरी टोपीतला म्हातारा.
थांबला. हॉर्न नाही, विचारणं नाही.
उलट दिवे मंद केले त्यानं,
जणू कुणाची अंत्ययात्रा चाललीय.
ऐंशी हजार पौंड माझ्या पाठीमागून सरकत गेले.
पायाखालचं डांबर थरथरलं,
की माझेच गुडघे, सांगता येत नाही.
या देशात आल्यापासून
मी कुठल्या सरकारी गोष्टीला थांब म्हटलं नव्हतं.

पलीकडे ब्रेकनं सुस्कारा टाकला.
मार्लीन दिवा लावून बराच वेळ यंत्रावर टाइप करत बसली.
मग काच खाली करून ओरडली,
"तेओदुलो, नावाचं स्पेलिंग सांग.
रस्ता कुणी अडवला ते लिहावं लागतं."
एकेक अक्षर मी वाऱ्यावर ओरडून सांगितलं.
शेवटचं दोनदा.

केबिनमध्ये येऊन रजिस्टर उघडलं.
बाहेर : दोन वाजून सहा, असं लिहायला घेतलं,
तर पेन गोठलेलं.
हीटरवर धरलं.
त्याच्याबरोबर ती दोन बोटंही.